पुडीत काय आहे, हे सांगता येईल का?

सिंगापूरची सहल करून परतणारा मराठी प्रवासी नातेवाइकांसाठी जी वस्तू हमखास आणतो, ती म्हणजे टायगर बाम. षट्कोनी काचेच्या त्या छोट्या बाटलीवर उडी घेणारा वाघ असतो. आत मात्र कापूर, मेंथॉल, लवंगेचे तेल, काजुपुटाचे तेल असा साधा ऐवज असतो. वाघाचा केससुद्धा नसतो. त्यामुळे ही बाटली जगातल्या बहुतेक विमानतळांवरून विनासायास पार होते.

पारंपरिक चिनी औषधांच्या बाबतीत याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या काळपट गोळीत कस्तुरी निघते, पारा निघतो, किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असे आधुनिक औषधही निघते. घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, आणि अनेकदा विकणाऱ्यालाही नसतो. मग दुसऱ्या देशात कायमचे राहायला निघालेले कुटुंब कस्टम्सच्या टेबलासमोर उभे राहते आणि अधिकारी अगदी साधा प्रश्न विचारतो : ‘यात काय आहे?’ उत्तर देता येत नाही. डबा जप्त होतो, कधी दंड होतो, आणि कुटुंबाला वाटते की आपल्या परंपरेचा अपमान झाला.

या प्रसंगाकडे केवळ कायद्याची कटकट म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. कस्टम्सचा अधिकारी जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न नव्या देशातला डॉक्टरही विचारणार असतो. पहिल्याला उत्तर देता आले नाही तर डबा जातो. दुसऱ्याला देता आले नाही तर मूत्रपिंड जाऊ शकते.

बॅगेत एवढे काय असते?

चीन, हाँगकाँग, तैवान, मलेशिया, सिंगापूर या भागांतून ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनला स्थलांतर करणाऱ्या चिनी कुटुंबांच्या सामानात औषधांचा कप्पा असतोच. वाळवलेल्या मुळ्या, साली आणि फळे एकत्र बांधलेल्या कागदी पुड्या असतात. त्या मातीच्या भांड्यात उकळून काढा करायचा असतो. कारखान्यात बनवलेल्या तयार गोळ्या, कॅप्सूल आणि पाण्यात विरघळणारे दाणे असतात. सांधेदुखीचे लेप आणि मलमे असतात. शिवाय औषध आणि अन्न यांच्या सीमेवरचे पदार्थ असतात : जिनसेंगच्या मुळ्या, हरणाच्या कोवळ्या शिंगांच्या चकत्या, वाळवलेले समुद्रघोडे, पाकोळीच्या जातीतल्या पक्ष्यांची लाळेपासून बनलेली घरटी.

ही औषधे लोक बरोबर नेतात त्याला सबळ कारणे असतात. नव्या देशात गेल्या गेल्या डॉक्टरची वेळ मिळत नाही, विमा सुरू झालेला नसतो, भाषा येत नसते. वर्षानुवर्षे घेत असलेले औषध एकदम बंद करायचे कसे, ही भीती असते. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईची बॅग तर निराळीच असते. चिनी घरांत बाळंतिणीने महिनाभर घरात राहावे, गरम खावे, दांगगुइ नावाच्या मुळीचे सूप प्यावे अशी रीत आहे. बाळंतकाढा, डिंक आणि अळीव घेऊन न्यू जर्सीला जाणाऱ्या मराठी आईला ही बॅग परकी वाटणार नाही.

एक डबा, तीन कायदे

प्रवाशाला कस्टम्सचा काउंटर एकच दिसतो. प्रत्यक्षात तिथे तीन वेगवेगळे कायदे एकाच डब्याकडे पाहत असतात, आणि प्रत्येकाची चिंता वेगळी असते.

पहिला कायदा वन्यजीवांचा. संकटग्रस्त प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या जीवांचा व्यापार जवळपास पूर्ण बंद आहे. वाघ, आशियाई काळे अस्वल आणि गेंड्याच्या बहुतेक जाती त्यात आहेत. खवले मांजराच्या आठही जाती २०१६च्या जोहान्सबर्ग परिषदेत त्यात घालण्यात आल्या. दुसऱ्या परिशिष्टातल्या जीवांसाठी परवाना लागतो, पण खासगी वापराच्या मोजक्या वस्तूंना काही सवलत आहे. वाळवलेले समुद्रघोडे माणशी चारपर्यंत परवान्याशिवाय नेण्याची मुभा हा करार देतो. अर्थात एखाद्या देशाचा स्वतःचा नियम अधिक कडक असू शकतो. पहिल्या परिशिष्टातली वस्तू परदेशात विकत घेऊन मायदेशी आणणाऱ्याला मात्र ही सवलत मिळत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. चीनने स्वतः १९९३ मध्ये वाघाचे हाड आणि गेंड्याचे शिंग यांच्या व्यापारावर बंदी घातली. २०१८ मध्ये ती काही प्रमाणात शिथिल करण्याचा निर्णय जाहीर झाला, पण जगभरातून टीका झाल्यावर काही आठवड्यांतच त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. २०२० मध्ये खवले मांजराचे खवले चीनच्या अधिकृत औषधसंहितेतल्या कच्च्या औषधींच्या यादीतून वगळले गेले. हे खवले म्हणजे केरॅटिन, म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ. तेव्हा पाश्चात्त्य देश चिनी परंपरेच्या मागे लागले आहेत, एवढेच चित्र रंगवणे खरे नाही.

अमेरिकेत १९९८ पासून आणखी एक कायदा आहे. गेंडा किंवा वाघ यांचा घटक असल्याचे ज्या वस्तूच्या लेबलावर लिहिले आहे, तिची आयात आणि विक्री तिथे बेकायदा ठरते. डब्यात खरोखर वाघ आहे का, हे प्रयोगशाळेत सिद्ध करण्याची गरज उरत नाही. म्हणजे भेसळ करणाऱ्याने वाघाच्या हाडाऐवजी गाईचे हाड घातले असले, तरी लेबलवरचा वाघ प्रवाशाला अडचणीत आणू शकतो.

दुसरा कायदा शेतीचा, म्हणजे जैवसुरक्षेचा. वाळलेल्या मुळीला चिकटलेली माती, सालीतली कीड, फळातली जिवंत बी, प्राण्याच्या ऊतीतले विषाणू यांची त्याला धास्ती असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे बेटांचे देश आहेत. त्यांची शेती आणि पशुपालन अनेक रोगांपासून अजून मुक्त आहे. म्हणून पक्ष्यांची घरटी, हरणाची शिंगे, बिया असलेल्या पुड्या तिथे हमखास अडतात. न्यूझीलंडमध्ये जोखमीची वस्तू घोषित न केल्यास जागेवरच ४०० डॉलर दंड होतो. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून गंभीर प्रकरणात काही प्रकारचे व्हिसा विमानतळावरच रद्द करण्याची तरतूद आहे. घरदार आवरून निघालेल्या माणसासाठी हा धोका डब्याच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

तिसरा कायदा औषधांचा. त्यात विषारी द्रव्ये, नियंत्रित द्रव्ये आणि चिठ्ठीशिवाय न मिळणारी औषधे येतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे माहुआंग ही वनस्पती. तिच्यातले एफेड्रिन श्वासनलिका रुंदावते, म्हणून सर्दी-खोकल्यावरच्या चिनी औषधांत ती शतकानुशतके वापरली जाते. परंतु एफेड्रिन हृदयाची गती आणि रक्तदाबही वाढवते, आणि त्यापासून मेथॅम्फेटामीन हा घातक अमली पदार्थ तयार करता येतो. वजन घटवण्यासाठी माहुआंग घेणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू दिसू लागल्यावर अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रिनयुक्त आहारपूरकांवर बंदी घातली. कोविडच्या साथीत जगभरच्या चिनी कुटुंबांनी मागवलेल्या ‘लिआनहुआ छिंगवेन’ या कॅप्सूलमध्येही माहुआंग असते. सिंगापूरमध्ये ती सर्दी-तापाची लक्षणे कमी करण्यापुरती मान्य आहे. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय आणता येत नाही. एकच कॅप्सूल, पण एका देशात दुकानातले औषध आणि दुसऱ्यात जप्तीचा माल.

छातीशी जपलेली गोळी

हे तिन्ही कायदे एकाच गोळीत भेटतात असे एक प्रसिद्ध औषध आहे : आनगोंग न्यूहुआंग वान. पक्षाघात, तीव्र ताप, शुद्ध हरपणे अशा आणीबाणीत द्यायची ही गोळी अनेक चिनी घरांत मेणाच्या वेष्टनात जपून ठेवलेली असते. काही प्रकारांवर सोन्याचा वर्खही असतो. जुन्या मराठी घरांत हेमगर्भाच्या मात्रेला जे स्थान होते, साधारण तेच या गोळीचे.

तिच्या पारंपरिक पाठात गोरोचन आहे, कस्तुरी आहे, मोती आहे. हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचे संयुग. मनशीळ आहे, म्हणजे सोमलवर्गातले आर्सेनिकचे संयुग. पूर्वी गेंड्याचे शिंग होते; आता त्या जागी म्हशीच्या शिंगाचा अर्क वापरतात. कस्तुरीसाठी वन्यजीवांचा कायदा, गोरोचन आणि शिंगासाठी जैवसुरक्षा, पारा आणि आर्सेनिकसाठी औषधांचा कायदा. ही गोळी कस्टम्समध्ये अडली तर आश्चर्य वाटायला नको.

मात्र या गोळीचा खरा धोका विमानतळाच्या बाहेर आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. अशा वेळी घरात गोळी शोधणे, ती पाण्यात कुटून चाटवणे, थोडा वेळ वाट पाहणे यात मोलाची मिनिटे जातात. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. तोंडात घातलेले औषध फुप्फुसात जाण्याची भीती असते. तोंड वाकडे झाले, हात उचलता येईना, बोबडी वळली तर कोणत्याही देशात पहिली कृती एकच : रुग्णवाहिका बोलावणे. नव्या देशात पाऊल ठेवल्याच्या दिवशी तिथला आणीबाणीचा फोन क्रमांक घरात लिहून लावणे, हा त्या गोळीपेक्षा खात्रीचा उपाय आहे.

एका नावाने केलेला घात

‘वनस्पतीचेच तर आहे, त्याने काय होणार?’ हा प्रश्न जगातल्या सगळ्या भाषांत विचारला जातो. त्याचे उत्तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये मिळाले.

तिथल्या एका वजन घटवण्याच्या उपचार केंद्रात स्त्रियांना कॅप्सूल दिल्या जात. १९९०च्या सुमारास त्यांच्या मिश्रणात दोन चिनी वनस्पतींची भर पडली. त्यांतली एक होती फांगजी. काही काळानंतर तरुण, एरवी निरोगी स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. शोध घेतल्यावर कळले की फांगजी या नावाखाली चिनी बाजारात एकाहून अधिक वनस्पती विकल्या जातात. हवी होती स्टेफानिया कुळातली. पुड्यांत आली होती ॲरिस्टोलोकिया कुळातली. या दुसऱ्या वनस्पतीतले ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाच्या ऊतीत व्रण करते आणि पेशींच्या डीएनएला चिकटून बसते. बाधित स्त्रियांची संख्या शंभरावर गेली. पुढे त्यांतल्या ज्या ३९ जणींची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रनलिका काढल्या गेल्या, त्यांपैकी १८ जणींच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. आज हे आम्ल माणसात कर्करोग करणाऱ्या निश्चित पदार्थांच्या गटात मोडते, आणि अनेक देशांत ते असलेली औषधे आणता येत नाहीत.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. त्या कॅप्सूल पारंपरिक चिनी वैद्याने नाडी पाहून दिलेल्या नव्हत्या. वजन घटवण्याच्या आधुनिक धंद्यात आधुनिक औषधांबरोबर त्या वापरल्या गेल्या होत्या. पण घात झाला तो नावाच्या घोळामुळे, आणि तो घोळ प्रवाशाच्या पुडीतही असू शकतो. पुडीवर केवळ बोलीभाषेतले नाव असेल तर आत कोणती वनस्पती आहे हे नजरेने ओळखणे तज्ज्ञालाही जड जाते. लॅटिन शास्त्रीय नाव लिहून घेण्याचा आग्रह यासाठीच असतो. आपल्याकडेही एकाच नावाने दोन-तीन वनस्पती विकल्या जाण्याचा अनुभव प्रत्येक काष्ठौषधींच्या दुकानदाराला आहे.

लेबलवर नसलेले औषध

याहून अवघड प्रश्न लेबलवर न लिहिलेल्या घटकांचा आहे. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने तिथल्या दुकानांतल्या २६० आशियाई तयार औषधांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळजवळ एकतृतीयांश औषधांत न सांगितलेली आधुनिक औषधे किंवा जड धातू होते. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी इसबासाठी दिल्या जाणाऱ्या ११ चिनी वनस्पतिज मलमांची तपासणी केली. आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. पर्थच्या मर्डोक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या कस्टम्सने जप्त केलेल्या १५ नमुन्यांतला डीएनए वाचला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. काहींत काळ्या अस्वलाचा आणि सायगा हरणाचा अंश होता. शंभर टक्के सायगाचे शिंग असल्याचा दावा करणाऱ्या भुकटीत मात्र शेळी-मेंढीचाही डीएनए सापडला. गिऱ्हाईक दोन्हीकडून नागवले गेले : कधी नको ते मिळाले, कधी पैसे मोजून हवे ते मिळाले नाही.

या आकड्यांमधून सगळीच चिनी औषधे भेसळीची असतात असा निष्कर्ष काढता येत नाही. परवानाधारक कारखान्यांत तपासून बनवलेली औषधेही मोठ्या प्रमाणात आहेत. पण जे औषध ‘दोन दिवसांत गुडघा मोकळा करते’ किंवा ‘दमा मुळापासून घालवते’, त्याच्याविषयी शंका घ्यायला हवी. इतका झटपट गुण येण्यामागे बहुधा स्टेरॉइड असते.

आणि इथेच जप्तीचा एक न दिसणारा वैद्यकीय परिणाम लपलेला असतो. समजा, सत्तरीतल्या एका आजी अशी सांधेदुखीची गोळी तीन वर्षे रोज घेत आहेत. गोळीत स्टेरॉइड आहे हे कोणालाच ठाऊक नाही. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. विमानतळावर गोळ्या जप्त झाल्या की शरीराला मिळणारे स्टेरॉइड त्याच दिवशी थांबते, आणि ग्रंथी मात्र लगेच जाग्या होत नाहीत. काही दिवसांत थकवा, उलट्या, चक्कर सुरू होते. रक्तदाब आणि रक्तातली साखर घसरते. घरच्यांना वाटते, हवामान मानवले नाही, प्रवासाची दगदग झाली. त्यातच जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतू शकते. ‘आधी कोणते औषध चालू होते?’ या डॉक्टरच्या प्रश्नाला ‘काही नाही, फक्त झाडपाल्याचे’ असे उत्तर मिळाले, तर योग्य निदानाची वाटच बंद होते.

दुसरे उदाहरण दानशेनचे. हृदयासाठी घेतली जाणारी ही मुळी रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिन या गोळीचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो. ज्येष्ठमध तर चिनी पाठांत जागोजागी भेटतो. तो जास्त प्रमाणात आणि बराच काळ घेतला तर रक्तातले पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असूनही दाब का आटोक्यात येत नाही, याचे उत्तर काढ्याच्या भांड्यात असू शकते. चिनी पाठांतला फूझी म्हणजे आपल्या बचनागाचा भाऊबंद. नीट शोधन न करता उकळला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो.

हा परंपरेचा निवाडा नव्हे

एवढे वाचून चिनी वैद्यक म्हणजे निव्वळ विष आणि भोंदूगिरी, असा समज कोणी करून घेऊ नये. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हे आजचे अत्यंत महत्त्वाचे औषध चिनी परंपरेतूनच आले. थू योयो यांनी चौथ्या शतकातल्या ग्रंथातली नोंद वाचून त्या वनस्पतीचा अर्क उकळत्या पाण्याऐवजी कमी तापमानात काढला, १९७२ मध्ये शुद्ध द्रव्य वेगळे झाले, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर आर्सेनिक ट्रायऑक्साइड गुणकारी असल्याचे हार्बिनमधल्या डॉक्टरांनी दाखवले. अमेरिकेनेही २००० मध्ये त्याला मान्यता दिली. अस्वलाच्या पित्तातले उपयुक्त आम्ल आता कारखान्यात बनते आणि यकृताच्या काही विकारांत जगभरचे डॉक्टर ते लिहून देतात. त्यासाठी अस्वलाला पिंजऱ्यात कोंडण्याची गरज उरलेली नाही.

या तिन्ही उदाहरणांत सोमल किंवा वनस्पती बदलली नाही. बदलले ते एवढेच की आत नेमके काय आहे, किती आहे, कोणाला द्यायचे आणि कोणाला द्यायचे नाही, हे कळले. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पारंपरिक वैद्यकाचे २०२५ ते २०३४ या काळासाठीचे धोरण मंजूर केले. पुरावा, सुरक्षितता आणि दर्जा यांवर त्याचा भर आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात चालेल, औषधात चालत नाही. मूठ उघडल्यावर जे टिकते तेच औषध.

आपल्या बॅगेचे काय?

चिनी कुटुंबाच्या बॅगेकडे बोट दाखवताना आपलीही बॅग उघडून पाहिलेली बरी. हिमालयातले कोष्ठ साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, जटामांसी आणि कुटकी दुसऱ्यात. या तिन्ही वनस्पती आयुर्वेदात आणि चिनी वैद्यकात, दोन्हींकडे वापरल्या जातात. तान्ह्या बाळाच्या गुटीतले वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास अमेरिकेत १९६८ पासून बंदी आहे. डिंकाच्या लाडवांत पडणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत नेणे गुन्हा ठरू शकतो, कारण ती अफूच्या बोंडातली आहे.

जड धातूंचा प्रश्नही आपल्याला चुकलेला नाही. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले सापडले; त्या भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्या घेत होत्या. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. भारत सरकारने निर्यात होणाऱ्या वनस्पतिज आयुर्वेदिक औषधांसाठी जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची केली. पण ती निर्यातीच्या मालाला लागू आहे. ओळखीच्या माणसाने कागदात बांधून दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुडीला ती कोण करणार?

निघण्यापूर्वी

स्थलांतराची तयारी करताना औषधांचा कप्पा शेवटच्या रात्री न भरता दोन महिने आधी उघडावा. प्रत्येक औषधासमोर चार गोष्टी लिहाव्यात : घटकांची नावे, शक्य तिथे शास्त्रीय नावांसह, कशासाठी घेतले जाते, रोजची मात्रा, आणि ते कोणी दिले. ज्यासमोर पहिला रकाना रिकामा राहतो, ते औषध विमानात चढवू नये.

मग ही यादी घेऊन निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरकडे जावे. शंकास्पद गोळी दीर्घकाळ चालू असेल तर ती अचानक बंद न करता रक्त तपासून, देखरेखीखाली कमी करता येते. रक्तातली क्रिएटिनिन, यकृताची चाचणी, गरज पडल्यास शिशाचे प्रमाण पाहता येते. गरोदर किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी तर हे टाळूच नये. डॉक्टरचे किंवा वैद्याचे इंग्रजीतले पत्र, मूळ वेष्टन आणि खरेदीची पावती बरोबर ठेवावी. सुटे करून दुसऱ्या बरणीत भरलेले औषध, ते कितीही निर्दोष असले तरी, संशयास्पदच दिसते.

वर्षभराचा साठा नेण्याचा मोह आवरावा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांसारखे देश स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांपुरत्या औषधाकडे सवलतीने पाहतात; त्याहून अधिक साठा विक्रीसाठी असावा असा संशय येतो. ही सवलतही बंदी असलेल्या घटकांना लागू नसते. औषधे स्वतःजवळच्या सामानात असावीत. जहाजाने मागून येणाऱ्या घरसामानात कोंबू नयेत. दुसऱ्या कोणाची पुडी ‘तेवढी पोहोचवा’ म्हणून दिली तर नम्रपणे नकार द्यावा. ज्या देशात जायचे, तिथल्या कस्टम्स आणि औषध नियंत्रण विभागाचे त्या वेळचे नियम पाहावेत. ते बदलत असतात. वाटेत तिसऱ्या देशात उतरायचे असेल तर तिथलेही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रवाशाच्या घोषणापत्रावर ‘हो’ लिहावे. ऑस्ट्रेलिया असो वा अमेरिका, शेतीशी संबंधित वस्तू प्रामाणिकपणे घोषित केली तर ती फार तर ठेवून घेतली जाते. दंड होतो तो लपवल्याचा. वाघ-गेंड्याच्या किंवा अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र घोषणा करूनही सुटका नाही. त्या वस्तू घरीच राहू द्याव्यात.

नव्या देशात पोहोचल्यावर हीच यादी तिथल्या डॉक्टरच्या हाती द्यावी. पुष्कळ रुग्ण ती देत नाहीत, कारण डॉक्टर हसतील किंवा रागावतील अशी भीती असते. ही भीती घालवणे डॉक्टरांचेही काम आहे. कपाळाला आठी न घालता ‘घरचे, झाडपाल्याचे काही घेता का?’ असे विचारले, तर आजीबाई पिशवीतून पुडी काढून दाखवतात. ती पुडी टेबलावर आली की अर्धे निदान तिथेच होते.